भोईर पार्कमध्ये देव नाही

चांगदेव भोईरांना 'ॲमिनिटी' हा शब्द वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळला आणि त्या दिवसापासून त्यांची दुपारची झोप उडाली. त्याआधी त्यांचं बरं चाललं होतं. भिवंडीतल्या टेमघरच्या ज्या भातशेतावर 'भोईर पार्क' ही चार मजली इमारत उभी होती, त्या शेताचे ते मूळ मालक, इमारतीच्या पहिल्या मजल्याचे रहिवासी आणि सोसायटीचे चेअरमन होते. भोईर पार्कमध्ये पार्क नव्हतं. पार्किंगही नव्हतं. पण नळाला पाणी येत होतं, लिफ्ट बहुतेक वेळा वर जात होती आणि बरेचदा खालीही येत होती. इमारतीकडून यापेक्षा जास्त काही मागायचं असतं हे आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तो शब्द घरात आणला त्यांच्या सुनेनं. रुचिका बँकेत नोकरीला होती. एका रात्री जेवताना तिनं कालवणाच्या पातेल्याशेजारी गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका ठेवली. रस्त्यापलीकडे 'स्काय ऑर्किड' नावाचा टॉवर झाला होता. त्याची एक विंग भरली होती आणि दुसरीचं बुकिंग चालू होतं. पुस्तिकेत चाळीस ॲमिनिटीज छापल्या होत्या. चांगदेवांनी चष्मा चढवून त्या एकेक करून वाचल्या. पोहण्याचा तलाव समजला, व्यायामशाळा समजली. 'रिफ्लेक्सॉलॉजी पाथवे' म्हणजे अनवाणी पायांनी खड्यांवरून चालायची वाट, असं त्यांच्या मुलानं, कुणालनं, समजावून सांगितलं. असल्या वाटेवरून आपण शाळा संपेपर्यंत चालत होतो आणि ती ॲमिनिटी आहे हे आपल्याला कोणी सांगितलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

"बाबा, आम्ही तिकडे बघतोय," कुणाल म्हणाला.

कुणाल मानकोलीच्या एका गोदामात मॅनेजर होता. दिवसभर तो ट्रकवाल्यांवर ओरडत असे, घरी मात्र बापाशी बोलताना नजर ताटात ठेवत असे.

"बघतोय म्हणजे? खिडकीतून?"

"म्हणजे राहायला जायचं बघतोय."

चांगदेवांची बायको कमळा हिनं भाताचं उलथणं पातेल्यात तसंच ठेवलं. चांगदेवांनी पुस्तिका मिटली. त्या टॉवरच्या जॉगिंग ट्रॅकच्या जागेवर त्यांनी बैल हाकले होते, आणि आता त्याच जागेवर धावायला त्यांचा एकुलता एक मुलगा घर सोडून निघाला होता.

"बाबा, रागावू नका," रुचिका म्हणाली. ती मनात ठेवून बोलणाऱ्यांतली नव्हती. "मागे सुकन्या आली होती ना, माझ्या ब्रँचमधली, ती तिकडेच राहते. लिफ्ट बंद होती म्हणून ती खाली दहा मिनिटं उभी राहिली. मीटरच्या डब्यांखाली, त्या मोटरसायकलला टेकून. साडीला ग्रीस लागलं. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं."

जेवण झाल्यावर चांगदेव एकटेच खाली गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या इमारतीचं प्रवेशद्वार नीट पाहिलं. डाव्या हाताला मीटर, उजव्या हाताला कोणाची ते कोणालाच माहीत नसलेली मोटरसायकल, कोपऱ्यात मागच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर, आणि भिंतीवर पान खाणाऱ्यांनी केलेलं रंगकाम. वर येऊन त्यांनी जाहीर केलं, "बुकिंग कधी हाय? मे महिन्यात ना? तवर थांबा. त्याच्या आधी मी खाली अशी लॉबी करतो, की तुमच्या ऑर्किडवाल्यांनी रस्ता ओलांडून बघायला यावं."

कमळा म्हणाली, "आधी ती मोटरसायकल कोणाची ती बघा."

सोसायटीची सभा गच्चीवर भरली. खर्च चेअरमन स्वतः करणार आहेत असं कळल्यामुळे विरोध कोणीच केला नाही; सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. दुसऱ्या मजल्यावरचे खजिनदार अनंता म्हात्रे यांचं म्हणणं पडलं की झुंबर हवं, कारण झुंबराशिवाय लॉबी म्हणजे नुसती मोकळी जागा. तिसऱ्या मजल्यावरचे अन्सारीभाई, ज्यांचे शांतिनगरला कापडाचे लूम होते, म्हणाले, "चेअरमनसाब, खुशबू होनी चाहिए. आदमी अंदर आया तो उसको लगना चाहिए की कुठंतरी आलो." तळमजल्यावरच्या गुणाबाई नात्यानं चांगदेवांच्या आत्या होत्या आणि भर सभेत चेअरमनला 'चांग्या' म्हणण्याचा अधिकार त्यांनी कधी सोडला नव्हता. त्या म्हणाल्या, "चांग्या, वाहतं पाणी ठेव. वाहतं पाणी घरात चांगलं." गटाराच्या विषयावरून याच गुणाआत्या गेली दोन वर्षं भांडत होत्या, हे चांगदेवांनी त्या वेळी बोलून दाखवलं नाही.

कल्याणहून विपुल नावाचा इंटिरियर डिझायनर बोलावला गेला. त्याच्या पँटला घोटे नव्हते आणि बोलण्यात पूर्णविराम नव्हता. त्यानं मोटरसायकल, मखर आणि पानाचं रंगकाम हे सगळं डोळे बारीक करून पाहिलं.

"अंकल, लॉबी म्हणजे काय, तर बिल्डिंगचा पहिला शब्द आहे, आपण व्हाइट मार्बल करू मिरर पॉलिशमध्ये, इकडे वॉटर कॅस्केड, सॉफ्ट फ्लूट चालू, सिग्नेचर सेंट, आणि मीटर लपवायला सागवानाची कोरीव दोन दारं, त्यांना ब्रासच्या कड्या, वरून एकच फोकस लाइट."

"आणि झुंबर?" अनंता म्हात्रेंनी विचारलं.

"झुंबर आता कोणी करत नाही, अंकल."

अनंता म्हात्रे त्यानंतर आठ दिवस विपुलशी बोलले नाहीत. पण इथे एक गोष्ट वाचकाच्या लक्षात आली असेल, जी भोईर पार्कमधल्या एकाही शहाण्या माणसाच्या लक्षात आली नाही. पांढरा संगमरवर, झुळझुळ पाणी, मंद बासरी, दरवळणारा सुगंध, आणि पितळी कड्यांची कोरीव बंद दारं, ज्यांच्यावर वरून एकच दिवा. विपुलच्या लॅपटॉपवर ते चित्र पाहून सगळ्यांना फक्त इतकंच वाटलं, की आत गेल्यावर मनाला शांती वाटेल. चांगदेवांनी तर स्वतःच्याही नकळत पडद्याला हात जोडले होते.

काम सुरू झालं आणि भिवंडीत काम जसं चालतं तसं चाललं. संगमरवराचा ट्रक अंजूरफाट्याला ट्रॅफिकमध्ये इतका वेळ अडकला, की ड्रायव्हरनं फोन करून विचारलं, लाद्या इथेच उतरवू का. लाद्या आल्या तर त्या दारातून आत जाईनात. मग दाराची चौकट काढली. त्यामुळे इमारतीला दार उरलं नाही आणि एक गाय रोज दुपारी लिफ्टजवळ येऊन बसू लागली. मीटर दोन हात सरकवायची परवानगी काढण्यासाठी चांगदेवांनी वीज कार्यालयात इतक्या चकरा मारल्या, की तिथला शिपाई त्यांना नवीन साहेब समजू लागला. अखेर मीटर सरकले, दारं बसली, आणि वीजवाल्या साहेबांनी नियमाप्रमाणे त्यांना आपलं कुलूप लावून चावी स्वतःच्या खिशात टाकली.

शेवटच्या दिवशी पॉलिशवाल्यानं मशीन आवरता आवरता सांगितलं, "दोन दिन कोई चप्पल पहन के मत चलना."

दोन दिवस कोणीच चपला घालून आत आलं नाही. तिसऱ्या दिवशी चपला घालायला परवानगी होती, पण तोवर फरशीत येणाऱ्याचं तोंड दिसू लागलं होतं. ज्या फरशीत आपलं तोंड दिसतं तिच्यावर चप्पल कशी घालायची, असा प्रश्न सगळ्यांना पडला आणि कोणी तो मोठ्यानं विचारला नाही. माणूस पायरीशी येई, खाली बघे, आणि चप्पल काढून हातात घेई. हातात धरून लिफ्टमध्ये जाणं बरं दिसेना, तेव्हा ती बाहेर पायरीवरच राहू लागली. पार्सल घेऊन येणारे आधी तसेच घुसत. त्यांना गुणाआत्यांनी आपल्या दारातून असं काही सुनावलं, की ते फाटकापासूनच बुटांच्या नाड्या सोडू लागले. वॉचमन महादू तर युनिफॉर्म, टोपी, शिट्टी असा जय्यत आणि खाली अनवाणी. चेअरमनना हे सगळं मनातून फार आवडलं. आपल्या इमारतीत लोक अदबीनं शिरतात, असं त्यांनी कमळाला सांगितलं.

"पायरीवर पन्नास चपला पडल्यात," कमळा म्हणाली. "येणाऱ्याला वाटंल, आत कोण गेलं."

तसं कोणाला वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. एका गुरुवारी सकाळी चांगदेव खाली उतरले, तेव्हा एक अनोळखी बाई सागवानी दारांसमोर डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांनी दाराच्या कडीला हळद-कुंकू लावलं, पाण्यात एक नाणं टाकलं आणि वळून चांगदेवांना विचारलं, "आरती किती वाजता असते?" चांगदेवांनी त्या क्षणी सांगायला हवं होतं, की आत सोळा फ्लॅटचे मीटर आहेत. पण त्या इतक्या समाधानात होत्या, की यांच्या तोंडून निघून गेलं, "अजून ठरलं न्हाय."

तिथून पुढे गोष्ट कोणाच्या हातात राहिली नाही. कोणी हात जोडत, कोणी डोक्याला रुमाल बांधत. अन्सारीभाईंचे मेहुणे मालेगावहून आले, ते लॉबीत डोकं झाकून, पाठ न दाखवता मागे मागे चालत बाहेर पडले आणि मग वर फोन करून म्हणाले, की बहनोईसाब, आपके यहाँ किनकी मज़ार है, कभी बताया नहीं. रिक्षावाले 'टेमघर, नवीन देवस्थान' असं ओरडत सीट भरू लागले. कोणीतरी कडीला नारळ बांधला. विपुल कामाचे फोटो काढायला आला, ते पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अंकल, ही मिनिमल थीम होती," एवढंच तो म्हणू शकला.

आणि मग पालिकेची नोटीस आली. सदर इमारतीच्या तळमजल्यावर विनापरवाना प्रार्थनास्थळ उभारल्याचे निदर्शनास आले असून, खुलासा समाधानकारक नसल्यास बांधकाम काढून टाकण्यात येईल, असं तिच्यात होतं. चांगदेवांच्या पायाखालची ती चकचकीत फरशी सरकली. लॉबी तुटली तर मीटर पुन्हा उघड्यावर येणार, आणि मुलगा-सून रस्त्यापलीकडे जाणार. बुकिंगचा दिवसही ठरला होता: कुणालनं भटजींकडून येत्या बुधवारचा सव्वाअकराचा मुहूर्त काढून आणला होता.

प्रभाग कार्यालयात त्यांना रामनाथ केणे नावाच्या निरीक्षकांपुढे बसवलं गेलं. केणे शांतपणे बोलणारे गृहस्थ होते, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नव्हतं.

"साहेब, तिथे देव न्हाय," चांगदेव म्हणाले.

"ठीक आहे. तसा पुरावा द्या."

"नसलेल्याचा पुरावा कसा देणार?"

"तेच तर. देव बसवायचा असेल तर अर्जाचा नमुना आहे आमच्याकडे. देव नाही, यासाठी नमुना नाही. आजवर कोणी मागितलाच नाही."

"दारामागे मीटर हायेत. उघडून बघा."

"उघडा की."

"चावी वीजवाल्या साहेबांकडे हाय."

"मग आणा."

चांगदेव तडक वीज कार्यालयात गेले. साहेब पुतण्याच्या हळदीला पिंपळासला गेले होते. ऐन मे महिन्यात आपल्या भागातल्या हळदीला गेलेला माणूस लग्न, सत्यनारायण आणि उरलेलं मटण संपल्याशिवाय परतत नाही, हे चांगदेव स्वतःच्या अनुभवानं जाणत होते. ते परत केण्यांकडे गेले. केण्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "मी बुधवारी सकाळी स्वतः पाहणीला येतो. डोळ्यांना जे दिसेल ते लिहीन."

म्हणजे जे दिसायला नको होतं तेच. चांगदेवांनी घरी येऊन एक मोठा फलक रंगवून घेतला: 'येथे कोणतेही देवस्थान नाही. कृपया चपला घालून आत यावे.' लोक तो फलक थांबून वाचत, मान डोलवत आणि चपला काढत. दुसऱ्या दिवशी फलकाला झेंडूचा हार होता. महादूला हुकूम दिला, की येणाऱ्या प्रत्येकाला चप्पल घालायला लाव. तो हात जोडून लोकांना विनवू लागला, आणि हात जोडून दारात उभा असलेला अनवाणी महादू पाहून लोक आणखीच भाविक झाले. अनंता म्हात्रेंनी सल्ला दिला, की टीव्ही लावा आणि त्यावर क्रिकेट चालू ठेवा, कुठल्याही देवळात क्रिकेट नसतं. हा सल्ला मात्र थोडाफार लागू पडला. बाहेर मे महिना तापला होता, वर घरांत पंखे गरम वारा फेकत होते, आणि लॉबीतली फरशी गार होती. मॅच बघायला आलेले लोक भिंतीला टेकून बसले ते उठेनात. बायका भाजी निवडायला खाली येऊ लागल्या. रुचिकाही बँकेतून आल्यावर आधी पर्स घेऊन पायरीवर, मग पर्स बाजूला ठेवून फरशीवर बसू लागली. चांगदेवांचं तिकडे लक्षच नव्हतं. माणसं खाली अनवाणी बसलेली पाहून त्यांना एवढंच वाटलं, की आता तर भजन चालू आहे असंच दिसेल.

मंगळवारी संध्याकाळी ते घरात डोकं धरून बसले होते. कमळा समोर येऊन उभी राहिली.

"उद्या वार कोणता?"

"बुधवार. मुहूर्त हाय ना त्यांचा."

"नशीब बुधवार हाय. सोमवार, गुरुवार असता तर माझ्यानं झालं नसतं." ती पदर खोचत म्हणाली. "आगोट भरायची हाय. सुकट, बोंबील, सगळं काल्हेरवरनं आणून ठेवलंय. उद्या सकाळी आम्ही बायका खाली बसून निवडतो. देव असलेल्या जागी कोणी सुकट निवडतं का?"

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, म्हणून त्याआधी सुक्या मासळीची बेगमी करायची, ही घराघरातली रीत. तिला आगोट म्हणतात. चांगदेवांना तिचं म्हणणं लगेच पटलं. पण सुकटीनं देव जाईल, तशी सूनही जाईल. अकरा वाजता ती सुकन्या रुचिकेला बुकिंगला न्यायला येणार होती. आधी साडीला ग्रीस लागलं होतं. आता पांढऱ्या संगमरवरावर सुकट.

"न्हाय," ते म्हणाले. "काही झालं तरी न्हाय. मी चेअरमन हाय."

"तुमची परवानगी कोण मागतंय," कमळा म्हणाली आणि सूप शोधायला आत गेली.

बुधवारी सकाळी विपुलच्या सिग्नेचर सेंटनं थोडा वेळ झुंज दिली आणि मग शरणागती पत्करली. लॉबीभर जुन्या साड्या अंथरल्या होत्या. कमळा, गुणाआत्या, अन्सारीभाईंची बायको आणि अनंता म्हात्रेंची बायको सुपं घेऊन बसल्या होत्या. समोर सुकटीची टोपली, बोंबलांच्या जुड्या, आणि मागे सागवानी दारांवर तो एकच फोकस लाइट. बासरी चालू होती. भाविक म्हणून आलेल्या दोघी-तिघी दारात थबकल्या, नाकाला पदर लावला, आणि त्यातली एक मागे फिरली तर दुसरीनं भाव विचारला.

केणे दहाला येणार होते, ते आले पावणेअकराला. त्यांनी पायरीशी येताच सवयीनं बूट काढले. चांगदेवांना वाटलं, झालं, साहेबांनीच देव मान्य केला. केणे आत आले, चौफेर पाहिलं, खोल श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"चांग्या," गुणाआत्या म्हणाल्या, "साहेबाला बसायला दे. उभ्यानं काय वास घेतोय."

पालिकेच्या अधिकाऱ्यासमोर चांग्या म्हटल्यावर चेअरमन कुठे बघणार? ते छताकडे बघत राहिले. केणे मात्र गुणाआत्यांशेजारी उकिडवे बसले. त्यांनी दोन बोटांनी एक बोंबील उचलला, वाकवून पाहिला, तो मोडला नाही, तेव्हा मान डोलावली. मग तिथेच मांडीवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं आणि चांगदेवांना वाचून दाखवलं: 'प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर जागेत महिला रहिवासी सुकी मासळी निवडीत असल्याचे आढळले. वास तीव्र आहे. उपरोक्त परिस्थितीत सदर जागा कोणत्याही धर्माचे प्रार्थनास्थळ असणे संभवत नाही. नोटीस मागे घेण्यात यावी.'

"साहेब, 'वास तीव्र आहे' हे लिहायलाच हवं का?"

"तोच तर पुरावा आहे," केणे म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी कमळाला बोंबील काल्हेरला नेमके कोणाकडून घेतले ते विचारलं, पत्ता लक्षात ठेवला आणि बूट घालून निघून गेले.

लॉबी वाचली. चांगदेवांना छाती भरून श्वास घ्यावासा वाटला, पण तेवढ्यात फाटकात रिक्षा थांबली. सुकन्या आली होती. फिकट निळी साडी, उंच टाचा, हातात ऑर्किडची ती पुस्तिका. वरून रुचिका आणि कुणाल उतरले. कुणालनं नवा शर्ट घातला होता. चांगदेव घाईघाईनं पुढे झाले. "आज जरा... रोज असं नसतं," ते म्हणाले. इतका मोठा चेअरमन, आणि आवाज पोरासारखा निघाला.

सुकन्येनं पायरीवर सँडल काढल्या. आत आली. साड्यांवर पसरलेली सुकट तिनं पाहिली आणि ती काही बोलली नाही. रुचिकेनं खाली मान घातली. चांगदेवांना कळलं, की ज्या गप्प बसण्याची गोष्ट सून सांगत होती ते हेच. आता काही उरलं नाही. त्यांनी मनातल्या मनात मुलाचं सामान रस्ता ओलांडून नेऊनही ठेवलं.

"हा जवळा आहे की करंदी?" साड्यांवरच्या बारीक सुक्या कोळंबीकडे बोट दाखवत सुकन्येनं विचारलं.

गुणाआत्यांनी मान वर केली. "जवळा. करंदी त्या टोपलीत. बस, दाखवते."

सुकन्या निऱ्या सावरून बसली. "आमच्याकडे गेल्या वर्षी आईनं गॅलरीत बोंबील वाळत घातले, तर सोसायटीचा मेल आला. दंड. तेव्हापासून मी सुकट डबा-बंद आणते आणि खिडक्या लावून करते." तिनं मूठभर जवळा सुपात घेतला. "फरशी किती गार आहे तुमची."

"तुमच्याकडे खाली सोफे हायेत म्हणे," कमळा म्हणाली.

"आहेत ना. सुंदर आहेत. बसलं की सिक्युरिटी येऊन विचारतो, मॅडम, किसका वेट कर रहे हो? आता कोणाची वाट बघतेय हे सांगितल्याशिवाय बसता येत नाही माणसाला. क्लबहाउसला तर ॲपवर एक तासाचा स्लॉट घ्यावा लागतो. मी इतक्या दिवसांत शेजारणीचं नावसुद्धा विचारलेलं नाही." ती हे रडवेल्या सुरात सांगत नव्हती; काड्या बाजूला करत, सहज सांगत होती. मग तिनं रुचिकेकडे पाहिलं. "तू बोलली नाहीस कधी, तुमच्याकडे असं बसतात म्हणून. इथे कोणाचा फ्लॅट भाड्याला आहे का गं?"

रुचिका उभी होती. तिनं एकदा त्या दारांकडे, एकदा साड्यांवर बसलेल्या बायकांकडे पाहिलं. मग ड्रेसची ओढणी कमरेला बांधून ती सासूशेजारी बसली. लग्न होऊन आल्यापासून तिनं सुकटीला हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. कमळानं काही न बोलता आपलं सूप तिच्याकडे सरकवलं.

कुणाल दारात घड्याळ बघत उभा होता. "रुचिका, अकरा वाजून गेले. बिल्डरचा माणूस थांबलाय. मुहूर्त टळेल."

"टळू दे," रुचिका सुपातून डोळे न काढता म्हणाली. "अजून अर्धी टोपली राहिलीय."

कुणालनं बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि गोदामात पन्नास माणसांना हलवणाऱ्या त्या गृहस्थाला पुढे काय करायचं ते सुचेना. शेवटी त्यानं नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि बोंबलांच्या जुड्या वर नेऊन ठेवू लागला.

चांगदेव उभेच होते. या क्षणासाठी त्यांनी महिनाभर मनात एक भाषण तयार ठेवलं होतं. त्यात जमीन होती, वाडवडील होते, आणि ऑर्किडवाल्यांना उद्देशून दोन जोरदार वाक्यं होती. त्यांनी खाकरून घसा साफ केला. सगळ्या बायकांनी वर पाहिलं. त्यांना एकदम दिसलं, की सून आपल्या घरात बसावं तशी मांडी घालून बसली आहे, आणि भाषणातली जमीन, वाडवडील, सगळं ते विसरून गेले.

"चांग्या, उजेड अडवू नको," गुणाआत्या म्हणाल्या. "एक तर बाजूला हो, न्हाय तर खाली बस."

भोईर पार्क सोसायटीचे चेअरमन पहिल्यांदाच आपल्या लॉबीत मांडी घालून बसले. फरशी खरोखरच गार होती. त्यांनी एक सूप पुढ्यात ओढलं आणि सुकट निवडायला घेतली.